पहिल्यांदा एकदाच

खोलीच्या तीन भिंतींना बारदान ठोकलेलं आहे. मक्याच्या रिकाम्या गोण्या उसवून, सरळ करून, चुका मारून ताणलेल्या. खाली खत-बियाण्यांचं दुकान आहे, त्यामुळे जिना चढतानाच खताचा उग्र वास नाकात भरतो आणि वर आलं की त्यात बारदानाचा वास मिसळतो. मी भिंतींकडे बघत राहिलो तेव्हा थोरला म्हणाला, “काका, टाळी वाजवा.” वाजवली. आवाज कोरडा आला, तिथल्या तिथे विरला. “आता जिन्यात जाऊन वाजवा.” जिन्यात ती घुमली. “बस, हाच फरक. आधी आमचा आवाज विहिरीतून आल्यासारखा यायचा.”

लासूर स्टेशन, डिसेंबर महिना. मोंढ्यात लाल कांदा यायला लागलेला, ट्रॅक्टरांची रांग, थंडी. ज्याचं मूळ गाव नदीकाठी आणि बाजारपेठ रुळांकाठी, असं हे ठाणं. निजामाच्या काळात मनमाडहून हैदराबादकडे लाइन गेली, तिच्या आधारानं वाढलेलं. संभाजीनगर इथून ४० किलोमीटरच्या आसपास. मोठ्या पडद्यावर इंग्रजी सिनेमा बघायचा तर तिथेच जावं लागतं. पण ट्रेलर मात्र न्यूयॉर्कला ज्या क्षणी येतो त्याच क्षणी या बारदानाच्या खोलीतही येतो. तो आल्यावर इथे काय होतं, ते बघायला मी गेलो होतो.

खोलीत तिघं. थोरला मोंढ्यात अडतीवर दिवाणजीच्या हाताखाली असतो. त्याचा धाकटा भाऊ मोबाइल दुरुस्त करतो. तिसरी त्यांची चुलत बहीण, बीएस्सीला, रोज रेल्वेनं संभाजीनगरला अपडाऊन करते. सुपरहिरोंच्या सिनेमांचे ट्रेलर बघून त्यावर मराठीत बोलायचं, ते चित्रित करून लोकांपुढे ठेवायचं, हे काम ते तीन वर्षं करताहेत. त्यातून फार पैसे मिळत नाहीत. मिळाले त्यातून कॉलरला लावायचे माइक आले.

११ डिसेंबर २०२५ ला ‘सुपरगर्ल’चा पहिला ट्रेलर आला. सिनेमासाठी २६ जून २०२६ ही तारीख जाहीर झालेली होती. तिघं दिवसभर कामावर, कॉलेजात. एकत्र यायला रात्र होणार. तोवर ट्रेलर कुणीही बघायचा नाही, हा त्यांचा नियम, आणि तो पाळणं हेच त्या दिवसाचं सगळ्यात अवघड काम होतं. धाकट्याच्या दुकानात तर गिऱ्हाइकं तेच घेऊन येत होती. एकानं फोन दुरुस्तीला द्यायच्या आधी काचेवर तो ट्रेलरच लावला. धाकट्यानं डोळे मिटून घेतले. “दाखवू नको रे, पाया पडतो तुझ्या.” बहिणीनं गाडीत कानात बोळे घातले आणि वैजापूर-रोटेगावकडची पोरं मोबाइल घेऊन जिथे घोळक्यानं उभी होती तो डबा सोडून दुसऱ्या डब्यात गेली. थोरल्यानं तर सकाळीच फोन आईजवळ देऊन ठेवला होता.

एवढं कशासाठी, असं मी विचारलं. थोरला म्हणाला, “पहिल्यांदा एकदाच बघता येतं ना, काका.”

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. मी लहान असताना देवीच्या यात्रेत तंबूतला सिनेमा यायचा. दुपारी पोस्टर लावलेली गाडी भोंगा लावून फिरायची. भोंग्यावरचा माणूस अर्धी गोष्ट रंगवून सांगायचा आणि नेमक्या ठिकाणी थांबायचा. आम्ही धुळीत त्या गाडीमागे धावायचो. आमचा ट्रेलर तोच. पण आम्ही काय ओरडलो, कुणाच्या तोंडून काय निघालं, ते कुणी टिपून ठेवलं नाही. ते त्या धुळीतच गेलं.

रात्री नऊनंतर मांडणी सुरू झाली. एक फोन समोर तिकाटण्यावर, चेहऱ्यांसाठी. दुसरा खिडकीत उलटा ठेवलेला, नुसता आवाज घेण्यासाठी, राखीव म्हणून. लॅपटॉपला जोडणी करून तीन हेडफोन. ट्रेलरचा आवाज खोलीत सोडायचाच नाही. तो माइकमध्ये शिरला की गाण्यावर हक्क सांगणारी नोटीस हमखास येते. म्हणून पहिलं बघणं हे एकसलग, न थांबता, पण कॅमेऱ्यात फक्त यांचे चेहरे आणि यांचेच शब्द. ट्रेलरची दृश्यं मागून, तुकड्यातुकड्यानं, कोपऱ्यात लहान करून टाकायची. बघणाऱ्याला वाटतं तिघं बसले, बघितलं, बोलले. त्यामागे एवढी वायर असते.

थोरल्याकडे दोनशेपानी वही आहे. त्यात निळ्या शाईनं टाचणं असतात. सुपरगर्लच्या पानावर मी वाचलं: पहिली आली मे १९५९ मध्ये, ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या २५२ व्या अंकात. १९८४ मध्ये तिच्यावर एक सिनेमा येऊन गेला, हेलन स्लेटर. नवा सिनेमा टॉम किंग यांनी लिहिलेल्या आणि बिल्किस एव्हली यांनी चितारलेल्या आठ अंकांच्या कॉमिकवर, २०२१-२२. दिग्दर्शक क्रेग गिलेस्पी, नायिका मिली अल्कॉक. खाली चौकटीत: जुलै २०२५ च्या ‘सुपरमॅन’मध्ये शेवटी ही दोन घटका येते, झिंगलेली, आपला कुत्रा क्रिप्टो परत न्यायला. तिथून हा फाटा फुटला.

फाटा हा शब्द त्यांचाच. मूळ नायकाच्या गोष्टीतून दुसऱ्याच पात्राचा सिनेमा निघतो, त्याला इंग्रजीत असलेला शब्द ते वापरत नाहीत. हमरस्त्यावरून गावाकडे वळायचं तो फाटा. इथल्या कुणालाही एका शब्दात कळतं. मला तो फार आवडला.

वहीच्या त्याच पानावर ‘चुलत’ या शब्दाला दोनदा अधोरेखित केलं होतं. इंग्रजीत कारा, म्हणजे सुपरगर्ल, ही सुपरमॅनची ‘कझिन’, त्यातून मामेबहीण की आतेबहीण काही उलगडत नाही. यांनी शोधून काढलं की दोघांचे वडील सख्खे भाऊ. म्हणजे चुलत. आणि अलीकडच्या कॉमिकमध्ये जन्मानं ती थोरली आहे. तो तान्हा असताना ही मोठी होती, पण वाटेत अडकून पृथ्वीवर उशिरा पोचली, त्यामुळे आता वयानं तीच धाकटी. बहिणीनं विचारलं होतं, “मग तो तिला ताई म्हणणार का?” या प्रश्नावर म्हणे तिघं एक संध्याकाळ भांडले होते. मराठीत बोलायचं ठरवलं की असे प्रश्न पडतात, आणि ते पडतात म्हणूनच मराठीत बोलायला हवं, असं मला तिथे बसल्या बसल्या वाटत होतं. २०२३ मध्ये ‘स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ भारतात दहा भाषांत आला, त्यात मराठीही होती. त्या वेळी मराठीतला ट्रेलर ऐकून धाकटा रडला होता. त्यानं हे मला न लाजता, अगदी सरळ सांगितलं. “स्पायडरमॅन आपल्यात बोलला, काका.”

सगळं तयार झालं. दिवा थोडा डावीकडे सरकवला. थोरल्यानं कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवली. चित्र आणि आवाज वेगवेगळे टिपले जातात, ते मागाहून जुळवायला ही टाळी लागते. मग त्यानं बटण दाबलं.

मला हेडफोन नव्हता आणि मी मुद्दामच पडद्याच्या उलट बाजूला बसलो होतो. त्यामुळे पुढची दोन मिनिटं मी फक्त तीन चेहरे बघितले. आवाज नसलेला सिनेमाच तो. सुरुवातीलाच दोघं भाऊ एकदम हसले. (कुत्र्यानं सुपरमॅनचा फोटो असलेल्या वर्तमानपत्रावर पाय वर केला, हे मला नंतर कळलं.) धाकट्याची मान तालावर हलायला लागली. थोरला पुढे वाकला, वाकतच गेला, इतका की हेडफोनची वायर ताणली गेली आणि बहिणीनं न बघता ती सैल केली. ती हसत नव्हती. तिचे ओठ किंचित उघडे होते आणि डोळ्यांवर निळा-पिवळा उजेड सरकत होता. शेवटाकडे थोरला ओरडला, “आरं लोबो! लोबो हाय तो!” (लोबो म्हणजे कॉमिकमधलंच एक पात्र.) धाकट्यानं तोंडावर हात घेतला. मग उजेड थांबला. काही क्षण कुणीच बोललं नाही. बाहेर मनमाडकडून गाडी येत होती, खिडकीच्या काचा बारीक थरथरत होत्या. तेव्हा बहीण म्हणाली, “हिचे केस कुणी विंचरले नाहीत, ते बरं केलं.”

आणि मग ती बोलत सुटली. सुपरमॅन लहानपणीच शेतकऱ्याच्या घरी पडला, लाडाकोडात वाढला. हिनं आपलं जग डोळ्यांदेखत मरताना बघितलंय. तेविसाव्या वाढदिवसाला ती अशीच दिसणार, दमलेली, विस्कटलेली. तिला कुणी नटवून उभं केलं नाही. दोघं भाऊ गप्प बसून ऐकत होते. थोरल्याला गाणं आणि अंतराळातला पसारा बघून ‘गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी’ची आठवण झाली होती, नवं काही नाही असं तो म्हणणार होता, ते त्यानं म्हटलं, पण पुष्कळ उशिरा आणि हळू.

वीस मिनिटांनी त्यांनी रेकॉर्डिंग तपासलं आणि खोलीतली हवा बदलली. कॉलरच्या माइकांचा रिसीव्हर चालूच केलेला नव्हता. चित्र होतं, आवाज नव्हता. थोरल्याच्या आरोळीच्या जागी नुसता उघडलेला जबडा.

धाकटा म्हणाला, परत करू. हसायचं कुठे, थांबायचं कुठे, सगळं पाठ आहे. कुणाला कळणार नाही. इथे मला सांगितलं पाहिजे की हा मोह साधा नाही. या कामात बहुतेक जण तेच करतात असं तिघांचंही मत आहे: आधी गुपचूप बघायचं, मग कॅमेऱ्यापुढे डोळे विस्फारायचे. विस्फारलेल्या डोळ्यांनाच लोक जास्त बघतात. आणि या प्रतिक्रियांना वजनही आहे. २०१९ च्या एप्रिलमध्ये ‘सॉनिक’चा ट्रेलर आला तेव्हा प्रेक्षक त्या पात्राच्या रूपावर इतके संतापले की निर्मात्यांनी ते रूपच नव्यानं घडवलं, आणि नोव्हेंबरचा सिनेमा पुढच्या फेब्रुवारीत गेला. खरी नाराजी होती म्हणून ते घडलं. ती नाटकी असती तर?

थोरला बराच वेळ वही उघडझाप करत होता. मग त्यानं खिडकीतला फोन उचलला.

ते राखीव रेकॉर्डिंग ऐकत असताना मला मालेगाव आठवत होतं. इथून रेल्वेनं मनमाड गाठायचं, पुढे एसटी. तिथल्या नासिर शेख यांनी व्हिडिओ पार्लर चालवता चालवता सिनेमा शिकून घेतला, ‘मालेगाव के शोले’ काढला, आणि मग स्वतःचा सुपरमॅन. त्यांचा सुपरमॅन होता शफीक शेख, यंत्रमागावर काम करणारा, काडीसारखा हडकुळा माणूस. हिरवा कपडा ताणून त्याच्यापुढे त्याला उडवलं. हा सुपरमॅन परग्रहावरच्या राक्षसाशी लढत नव्हता. गावातली घाण आणि गुटखा हे त्याचे शत्रू. फैझा अहमद खान यांनी त्या चित्रीकरणावर ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला, आणि रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ फेब्रुवारी २०२५ मध्ये चित्रपटगृहांत लागला. शफीक शेख कर्करोगानं अकाली गेले. त्या माहितीपटात कॅमेरा पाण्यात पडतो, सगळे हादरतात, आणि तरी काम पुढे चालू राहतं. मी तो प्रसंग या तिघांना सांगितला. त्यांनी माहितीपट बघितलेला होता. धाकटा म्हणाला, “आमचा तर नुसता माइक बंद होता.”

खिडकीतल्या फोनमधला आवाज चांगला नव्हता. लांबून आल्यासारखा, थंडीनं आखडल्यासारखा. थोरल्याची आरोळी मात्र होती. शेवटची शांतता होती, तिच्यात गाडीची धडधड हळूहळू भरत जात होती, काचा वाजत होत्या, आणि त्या सगळ्यावरून स्पष्ट, “हिचे केस कुणी विंचरले नाहीत, ते बरं केलं.” बहिणीनं ते तीनदा ऐकलं.

“हेच टाकू,” थोरला म्हणाला.

धाकट्यानं गाडीचा आवाज कमी करता येईल का ते बघितलं. तो कमी केला की बहिणीचा आवाज पत्र्यासारखा होत होता. त्यानं तो पुन्हा होता तसा ठेवला. मग टाळी शोधली, चित्रातले दोन तळहात मिटतात ती चौकट आणि आवाजातला तो कोरडा ठोका एकाखाली एक आणून चिकटवले. बारदानामुळे ठोका इतका नेमका होता की शोधायला वेळ लागला नाही.

पुढचा दीड तास ते ट्रेलर थांबवत थांबवत बघत होते, चौकटीमागून चौकट, कोण कुठल्या ग्रहावर, लोबो नेमका किती सेकंद दिसतो, कोटाखाली तिचा पोशाख आहे की नाही. ते वहीत उतरत होतं. ही बाजू मी फार सांगणार नाही. ती चिकाटीची आहे, पण अशी चिकाटी मोंढ्यात हिशेब लिहिणाऱ्याकडे असतेच, आणि थोरल्याकडे ती तिथूनच आली आहे. वरच्या चित्रासाठी, लोक ज्याच्यावर बोट ठेवतात त्यासाठी, चेहरा निवडायची वेळ आली तेव्हा धाकट्यानं थोरल्याचा उघडा जबडा पुढे केला. थोरल्यानं मान हलवली आणि बहिणीची चौकट काढली. किंचित उघडे ओठ, डोळ्यांवर पिवळा उजेड. “मी काहीच करत नाहीये यात,” ती म्हणाली.

“बघतीयेस ना,” थोरला म्हणाला.

रात्री एक वाजता त्यांनी ते चढवायला लावलं. नेट मंद होतं. पट्टी मुंगीसारखी सरकत होती. खाली दुकानाच्या ओट्यावर कुत्रं भुंकलं, धाकट्यानं खिडकीतून त्याला “क्रिप्टो!” म्हणून हाक मारली आणि तिघं पहिल्यांदा मोकळं हसले. बहिणीला सकाळच्या गाडीनं कॉलेज होतं. ती बारदानाला डोकं टेकून तिथेच झोपली. थोरल्यानं दिवा तिच्या तोंडावरून वळवला आणि पट्टीकडे बघत बसला. तेव्हा ती एकोणतीस टक्क्यांवर होती.