जुन्या मशीनची नाडी

अम्मीच्या शिलाई मशीनला भंगारवाल्याने किलोचा भाव सांगितला. त्याच दिवशी मी ती ऑटोत घातली आणि यवतमाळच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेली. काळं अंग, सोनेरी वेलबुट्टी, वर ‘सिंगर’ हे नाव. चाँदरातीला तिचा आवाज पहाटेपर्यंत चालायचा. आता चाकच फिरत नव्हतं.

मिस्त्रींच्या दुकानात दुपारी चार-पाच जण जमतात. कुणी दारव्ह्याचा शिंपी, कुणी निवृत्त गुरुजी. प्रत्येकाने घरी दोन-तीन जुन्या मशीन जपलेल्या. चहा येतो, झाकणं उघडतात आणि ज्याला जे ठाऊक ते तो सांगतो.

मिस्त्रींनी आधी नंबर पुसला. पहिलं अक्षर ‘वाय’. “ही स्कॉटलंडची,” ते म्हणाले. सिंगरच्या नंबरावरून कारखाना आणि साधारण वर्ष कळतं. ‘वाय’ म्हणजे क्लाइडबँकचा कारखाना, 1920 नंतरचा काळ. तो कारखाना 1980 मध्ये बंद झाला. आपल्या जिल्ह्याचा कापूस शकुंतला रेल्वेने बाहेर जात होता, त्या काळात ही मशीन समुद्र ओलांडून इकडे आली. यंत्रांबद्दल साशंक असलेल्या गांधीजींनीही 1924 मधल्या एका संवादात सिंगरच्या मशीनला अपवाद मानलं होतं.

मग मिस्त्रींनी टाका समजावला. हातसुईचं नेढं मागे असतं, मशीनच्या सुईचं टोकाशी. अमेरिकेत इलियास होव याने अशा सुईच्या, दोन दोऱ्यांनी शिवणाऱ्या मशीनचं पेटंट 1846 मध्ये घेतलं. सुई कापडातून खाली जाऊन किंचित वर येते, तेव्हा दोरा सैल पडून छोटा फास होतो. शटल त्या फासातून निघतं, दोन्ही दोरे एकमेकांत अडकतात, वरचा दोरा ओढला जातो आणि टाका बसतो.

आमच्या मशीनचा आजार साधा निघाला. कुणीतरी खोबरेल तेल घातलं होतं. ते वाळून गोंद झालं होतं. रॉकेलने धुऊन मशीनचं तेल सोडल्यावर चाक हललं.

तेवढ्यात बाभूळगावकडची एक ताई आली. नवरा गेल्यावर तिला मदत म्हणून नवी मशीन मिळालेली. “चाचा, खाली नुसता गुंता होतो. महिना झाला, पडून आहे.” मिस्त्री हसले. “बेटी, गुंता खाली दिसतो, पण चूक बहुधा वरच्या दोऱ्याची असते.” दोरा टेन्शनच्या चकत्यांमध्ये बसलाच नव्हता. त्यांनी तो ओवून दिला नाही. तिच्याकडूनच तीनदा ओववून घेतला.

महिनाभराची मजुरी एवढ्याशा माहितीवाचून बुडाली होती. मशीन देणारे पुष्कळ भेटतात, तिची नाडी शिकवणारे थोडे. मिस्त्रींचे हात आता कापतात. म्हणून हल्ली मी वही घेऊन त्यांच्याजवळ बसतो.

तुमच्या माळ्यावर अशी मशीन असेल, तर विकण्याआधी दोन थेंब तेल सोडा. चाक आपल्याकडे फिरवा, उलटं नको. सुई बाजारात आजही मिळते. साध्या ‘उषा’ मशीनची सुई आमच्या शंभरीच्या सिंगरलाही चपखल बसली.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)