कुष्ठमुक्तांमधील हिपॅटायटिस सी : समज आणि उपचार

“आता पुन्हा वेगळे राहावे लागेल काय?” कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या वृद्धास हिपॅटायटिस सी असल्याची शंका सांगितली की, हाच प्रश्न प्रथम त्याच्या मनात उभा राहतो. त्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. ते का, हे आमच्या देणगीदारांना व रुग्णांच्या कुटुंबीयांना ठाऊक असावे, असे आम्हांस वाटते.

हिपॅटायटिस सी हा यकृताचा विषाणूजन्य विकार असून तो रक्तावाटे पसरतो. स्पर्शाने वा एका पंगतीत जेवल्याने तो होत नाही. अनेक वर्षे तो कोणतेही लक्षण दाखवीत नाही. पुढे मात्र सिरोसिस किंवा यकृताचा कर्करोग उद्भवू शकतो.

कुष्ठरोगामुळे हा विकार होत नाही. जपानमधील कुष्ठधामांत पूर्वी झालेल्या तपासण्यांत त्याचे प्रमाण अधिक आढळले, त्याचा संबंध जुन्या उपचारपद्धतीशी जोडला जातो. डॅप्सोनच्या गोळ्या रुळेपर्यंत चौलमुग्रा तेलाची इंजेक्शने वारंवार दिली जात. काचेची सिरिंज व सुई अनेकांसाठी वापरण्याची रीत तर त्यानंतरही बराच काळ होती. या विषाणूची ओळख 1989 मध्ये पटली. तोवर दात्याच्या रक्ताची त्यासाठी तपासणीही शक्य नव्हती. म्हणजे दोष रुग्णाचा नव्हे.

निदान करताना सावधगिरी हवी. पहिल्या चाचणीत रक्तातील प्रतिपिंडे पाहतात. कुष्ठरुग्णांत ही चाचणी कधी कधी चुकीने सकारात्मक येते. तसेच विषाणू आपोआप नाहीसा झाल्यावरही प्रतिपिंडे उरतात. म्हणून विषाणूचा प्रत्यक्ष शोध घेणारी आरएनए चाचणी झाल्यावाचून कोणावरही शिक्का मारू नये.

आज बहुतेक रुग्ण साधारण बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरे होतात. 2018 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमांतर्गत शासकीय केंद्रांत हे निदान व उपचार विनामूल्य आहेत. मात्र कुष्ठरोगावरील रिफाम्पिसिन या गोळ्यांचा प्रभाव घटविते. त्यामुळे सध्या कुष्ठरोगाची औषधे घेणाऱ्यांनी ती गोष्ट डॉक्टरांना अवश्य सांगावी. उपचारांचा क्रम तेच ठरवितात. मनाने कोणतेही औषध बंद करू नये.

कुटुंबीयांना आमची एवढीच विनंती, की रुग्णाचा वस्तरा व दात घासण्याचा ब्रश वेगळा ठेवावा. ताट वेगळे करू नये. एकदा दुरावलेले माणूस पुन्हा दुरावू नये, यासाठी आपणा सर्वांचे साह्य आम्हांस मोलाचे आहे.