थरथर कोणाच्या माथी?

घाटकोपरहून मुलुंडला काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनीतून गेलेल्यांना ती थरथर आठवत असेल. हमरस्त्यावर वेग वाढला की पायाखालचा पत्रा गुणगुणू लागे. गुडघ्यावर वही ठेवून मी एकदा कवितेची ओळ उतरवायला गेलो, तर अनुस्वार भलत्याच अक्षरावर जाऊन बसला!

ही गाडी कुर्ल्याची. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या तिथल्या कारखान्यात ती तयार होई. आमच्या ओळखीचे एक मिस्त्री होते, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. इंजिन उघडून पुन्हा बांधलं की गिऱ्हाईक म्हणे, "काम कच्चं झालं, अजून थरथरतं." चाचांची मजुरी कापली जाई.

दोष चाचांचा नव्हता. चार पिस्टनांपैकी दोन वर जातात तेव्हा दोन खाली येतात. धक्के एकमेकांना खोडतील असं वाटतं, पण पिस्टनला क्रँकशी जोडणारा रॉड फिरताना तिरका होतो. म्हणून पिस्टन वरच्या टोकाशी झटक्यात परततो, खालच्या टोकाशी सावकाश. हिशेब जुळत नाही. दर फेऱ्याला दोनदा धक्का शिल्लक राहतो, आणि वेग दुप्पट झाला की तो चौपट होतो.

यावर तोड शंभराहून अधिक वर्षांपूर्वी निघाली होती. इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टरने इंजिनात एका बाजूला वजन असलेले दोन दांडे बसवले. क्रँकच्या दुप्पट वेगाने, एकमेकांच्या उलट फिरणारे. आडवे धक्के आपसात मिटतात, उभे धक्के पिस्टनांचा शिल्लक धक्का गिळतात.

सहा सिलिंडरच्या लांब क्रँकचं दुखणं निराळं. तो ओल्या धोतरासारखा पिळला जाई, मागेपुढे, आणि कधी चक्क तुटे. १९१० च्या सुमारास लँचेस्टरनेच त्याच्या टोकाला तेलात घसरणाऱ्या तबकड्या दिल्या. दांडा गचके देऊ लागला की जड तबकडी आपल्या चालीनेच फिरत राहते. दोघांच्या घासाघिशीत पिळाची ताकद उष्णता होऊन जाते.

ते दोन दांडे मात्र बरीच वर्षं विस्मरणात गेले. १९७० च्या दशकात जपानच्या मित्सुबिशीने ते पुन्हा बसवले. आपल्या १०८९ सीसीच्या पद्मिनीला ती चैन नव्हती; जादा दांडे म्हणजे जादा खर्च, आणि थोडी ताकदही तेच खातात. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, ती थरथरतच.

चाचा गिऱ्हाइकाशी वाद घालत नसत. इंजिनाखालची झिजलेली रबरं बदलून देत. धक्का तेवढाच राही, फक्त सीटपर्यंत कमी पोहोचे.