यंत्राने अबोला धरला तर...

एके काळी घरातला रेडिओ बोलेनासा झाला की त्याच्या पाठीवर एक थाप मारण्याची पद्धत होती. थापेने तो बहुधा बोलू लागे आणि मारणाऱ्याला आपण इंजिनियर झाल्यासारखे वाटे. आजच्या यंत्रांबाबत मोठी अडचण ही, की ती आपल्या घरात नसतात. काम नागपूरकराचे, भाडे नागपूरकराचे, आणि यंत्र मात्र मुंबईच्या कुठल्याशा थंडगार इमारतीत! मालकाने त्याचे तोंड जन्मात पाहिलेले नसते. थाप मारायची तरी कुणाच्या पाठीवर?

अशा यंत्राला सर्व्हर म्हणतात. दुसऱ्यांची कामे करण्यासाठी रात्रंदिवस जागा राहणारा संगणक, एवढाच त्याचा अर्थ. त्याला पडदा नसतो, त्याच्यासमोर कुणी बसलेले नसते. नेमून दिलेला प्रोग्रॅम तो आपला आपण चालवतो. त्याच्याशी आपले नाते फक्त तारेचे. आणि ती तार तुटली की उरते ती शांतता. या शांततेचा अर्थ कसा लावायचा, हे एका जुन्या विद्यार्थ्याने मला शिकवले. मी मराठीचा प्राध्यापक. शब्दांचे अर्थ सांगण्यात माझी वीस वर्षे गेली. पण शांततेचेही व्याकरण असते, हे मला नवे होते.

हा मुलगा काटोलकडचा. घरी संत्र्याची बाग. हवामानाचे इशारे दर पाच मिनिटांनी पाहायचे आणि पाऊस किंवा गारपीट संभवत असेल तर आपल्या भागातील चाळीसेक बागाईतदारांच्या फोनवर निरोप पाठवायचा, असा प्रोग्रॅम त्याने लिहिला आणि भाड्याच्या सर्व्हरवर चालू करून दिला. तीन-चार दिवस सारे सुरळीत चाले. मग निरोप बंद पडत. हा घरबसल्या सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करी, की गाडी रुळावर! असे दोनदा झाले. तिसऱ्यांदा झाले ते फेब्रुवारीतल्या एका रात्री. मृग बहाराची फळे तोडून बागेत ढीग घातलेले होते. निरोप आला नाही, म्हणून काका निर्धास्त झोपले आणि पहाटेच्या पावसात ढीग भिजून गेले.

"तुही मशीन झोपली व्हती काय बे?" काकांनी विचारले. मुलाजवळ उत्तर नव्हते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तो माझ्याकडे आला असताना सर्व्हरने चौथ्यांदा मौन धरले. तर्रीपोह्यांची बशी बाजूला सारून त्याने लॅपटॉप उघडला. मी म्हटले, "कर की पुन्हा चालू!"

"नाही सर. ती डोकेदुखीवरची गोळी झाली. शिवाय आजारी माणसाला तपासण्याआधीच आंघोळ घातली, तर अंगावरच्या खुणा पुसल्या जातात."

मग त्याने जे केले ते एखाद्या वैद्याने नाडी पाहावी तसे होते. बिघाड का झाला, हा प्रश्न त्याने बाजूला ठेवला. कुठे झाला, हे आधी पाहिले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असे होऊ नये म्हणून! सुरुवात स्वतःच्या घरापासून. आपले इंटरनेट चालू आहे ना? दुसरी संकेतस्थळे उघडत होती. फोनच्या वेगळ्या जोडणीवरूनही पाहून झाले.

दुसरी पायरी हाक मारण्याची. तिला पिंग म्हणतात. "आहेस का?" असे विचारायचे, सेकंदाच्या काही सहस्रांश भागांत "आहे" असे उत्तर यावे. ते आले. मात्र उत्तर आले नाही तर यंत्र मेलेच असे समजू नये, हेही त्याने बजावले. पुष्कळ ठिकाणी फायरवॉल नावाचा पहारेकरी अशा हाका दारातूनच परतवतो. अशा वेळी ट्रेसरूट नावाची दुसरी युक्ती वापरतात. निरोप वाटेतल्या कोणकोणत्या नाक्यांवरून गेला हे ती दाखवते.

तिसरी पायरी दार उघडण्याची. एसएसएच या कुलूपबंद वाटेने तो सर्व्हरच्या आत शिरला. चौथी पायरी प्रोग्रॅमची. तिथे लिहिलेले होते, "चालू आहे."

मी म्हटले, "मग बिघडले काय?"

"चालू असणे निराळे आणि ठीक असणे निराळे, सर." हे मात्र आम्हा नागपूरकरांना सांगायला नको. ३० मे २०२४ रोजी इथल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने चक्क ५६ अंश तापमान नोंदवले होते! केंद्र चालू होते, आकडेही पाठवत होते. दोष सेन्सरमध्ये असल्याचे हवामान खात्याने नंतर सांगितले.

शेवटी त्याने लॉग उघडला. लॉग म्हणजे यंत्राची रोजनिशी. तीत एकच तक्रार पुन्हा पुन्हा नोंदली होती: उघड्या फायली फार झाल्या. लिनक्स या प्रणालीत प्रत्येक जोडणी ही एक उघडी फाईल धरली जाते आणि एका प्रोग्रॅमला अशा साधारण १०२४ फायलींचीच मुभा असते. याचा प्रोग्रॅम दर पाच मिनिटांनी नवी जोडणी उघडी, पण जुनी मिटायला विसरे. दिवसाच्या झाल्या २८८. साडेतीन दिवसांत हजाराचा आकडा ओलांडला, की नवे दार उघडायला जागाच नाही. आजवरच्या प्रत्येक मौनाची वेळ त्याने वहीत टिपून ठेवली होती. दोन मौनांमधले अंतर नेमके तेवढेच निघाले. मर्यादा वाढवून दिली असती तर दुखणे नुसते पुढे गेले असते. त्याने जोडणी मिटवणारी ओळ लिहिली आणि ते मौन कायमचे संपले.

अशी फजिती केवळ हौशी मुलांचीच होते असे नाही. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री नऊच्या सुमारास आपल्या सर्वांचे व्हॉट्सॲप बंद पडले होते, ते आठवत असेल. फेसबुक कंपनीत देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेने तिच्या साऱ्या केंद्रांमधला दुवा तुटला. तो तुटताच तिच्या पत्ता सांगणाऱ्या यंत्रांनी, ठरवून दिल्याप्रमाणे, स्वतःला जगाच्या नकाशावरून आपोआप काढून घेतले. दुरुस्तीची साधनेही त्याच जाळ्यावर अवलंबून! घराची किल्ली घरातच राहावी आणि दार ओढले जावे, तसे झाले. माणसांना प्रत्यक्ष केंद्रांवर जावे लागले आणि सेवा सुरळीत व्हायला सहा-सात तास लागले.

याउलट गोष्ट व्हॉयेजर-२ ची. १९७७ साली निघालेल्या या यानाला २१ जुलै २०२३ रोजी चुकीची आज्ञा गेली आणि त्याचा अँटेना पृथ्वीपासून दोन अंशांनी ढळला. यान सुमारे दोन हजार कोटी किलोमीटर दूर. तिथे माणूस कसा धाडणार? ऑस्ट्रेलियातील कॅनबेराजवळच्या केंद्रातून जोरकस हाक दिली गेली. ती पोचायला साडेअठरा तास, उत्तर यायला तितकेच. ४ ऑगस्टला संपर्क पुन्हा जुळला. पण ही हाक वाया गेली असती, तरी आशा होती. अँटेनाची दिशा वर्षातून काही वेळा आपली आपण नीट करण्याची सोय यानातच होती, आणि तो पुढचा मुहूर्त १५ ऑक्टोबरचा होता. परतीची वाट आधीच आखून ठेवली होती, ती अशी.

माझ्या विद्यार्थ्यालाही हेच उमगले. ढीग भिजले ते उघड्या राहिलेल्या जोडण्यांमुळे, हे अर्धेच खरे. खरा घोटाळा असा, की "पाऊस नाही" आणि "यंत्र मुके झाले" या दोन्हींचा आवाज काकांना एकच ऐकू येत होता. परगावी गेलेली माणसे पूर्वी आठवड्याला खुशालीचे कार्ड टाकीत. त्यात सांगण्यासारखे काही नसे. पण ते आले नाही, की घरचे चौकशीला निघत. तशीच व्यवस्था त्याने आता केली आहे. रोज सकाळी सहाला प्रोग्रॅम सर्वांना "सर्व ठीक" असा निरोप पाठवतो, आणि भलत्याच ठिकाणचा दुसरा संगणक त्यावर नजर ठेवतो.

काका या निरोपाला हसतात. पण सहावर पाच मिनिटे झाली आणि तो आला नाही, की पुतण्याला पहिला फोन त्यांचाच जातो.