होम असिस्टंट सुरू होत नाही? हे तपासा

रास्पबेरी पाय : एकाच बोर्डवर मावणारा छोटा संगणक. विक्रीला सुरुवात २९ फेब्रुवारी २०१२.

होम असिस्टंट : घरातले दिवे, पंखे, सेन्सर एकत्र चालवणारे मुक्त सॉफ्टवेअर. इथे ते रास्पबेरी पायवर चालवले आहे. सुरुवात २०१३.

- वीज : बोर्डला ५ व्होल्ट डीसी लागते. पाय ४ साठी ३ अँपिअरचा, पाय ५ साठी ५ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर. मोबाइलचा चार्जर अनेकदा अपुरा पडतो.
- दिवे (पाय ४) : लाल म्हणजे वीज, लुकलुकणारा हिरवा म्हणजे मेमरी कार्डाचे वाचन. हिरवा लुकलुकलाच नाही, तर कार्ड तपासा.
- कार्ड : किमान ३२ जीबी. होम असिस्टंटची इमेज फाइल कार्डावर नुसती कॉपी करून चालत नाही. रास्पबेरी पाय इमेजरसारख्या प्रोग्रॅमने लिहावी लागते. इमेज आपल्याच मॉडेलची हवी.
- पहिली सुरुवात : उरलेले सॉफ्टवेअर इंटरनेटवरून उतरते. लॅन केबल जोडा. काही मिनिटे लागतात. मध्येच वीज बंद करू नका.
- पत्ता : ब्राउझरमध्ये 'होमअसिस्टंट डॉट लोकल', पोर्ट ८१२३. न उघडल्यास राउटरच्या यादीतून बोर्डचा आयपी पत्ता घ्या. सुरुवातीला 'एचटीटीपी' हवे, 'एचटीटीपीएस' नको.
- ऑफिसचा लॅपटॉप : हिंजवडीतल्या आयटी कर्मचाऱ्यांनी हे आधी पाहावे. कंपनीचे व्हीपीएन सुरू असताना घरच्या नेटवर्कवरचा बोर्ड दिसेलच असे नाही. मोबाइलवरून पत्ता उघडून पाहा.
- वीज गेल्यास : लिहिणे चालू असताना पुरवठा तुटला, तर कार्डावरील फाइली बिघडू शकतात. बोर्ड आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर ठेवा. बॅकअप कार्डाबाहेर ठेवा.