काविळीचा रिपोर्ट आणि उतरलेला आकडा

"डॉक्टर, एसजीपीटी १८०० वरून ३०० वर आली. आता पोराला हळद घातलेली आमटी देऊ ना?" लॅबचा कागद पुढे करीत वडील आनंदाने विचारत होते. पोरगा मात्र बाकावर पेंगत होता. दोन दिवस रात्री जागा आणि दिवसा झोप, असे चालले होते. मला तो उतरलेला आकडा आवडला नाही.

एसजीपीटी व एसजीओटी ही यकृताच्या पेशींतली द्रव्ये. पेशींना इजा झाली की ती रक्तात सांडतात. एरवी साधारण ४० च्या आत असणारा आकडा विषाणूंच्या काविळीत हजारावर जाऊ शकतो. दारूने सुजलेल्या यकृतात तो सहसा ३०० च्या खालीच राहतो, शिवाय एसजीओटी जास्त असते. तरी तो आजार हलका नव्हे! आणि पेशीच मोठ्या संख्येने मेल्या, तर सांडायला काही उरत नाही. तेव्हाही आकडा उतरतो.

बिलिरुबिन साधारण १ पर्यंत असावे. ते २-३ च्या पुढे गेले की डोळे पिवळे दिसतात. त्याबरोबर अंगाला खाज, शौचास पांढरट आणि अल्कलाइन फॉस्फेटेज बरेच वाढलेले असेल, तर पित्तनलिकेत अडथळा असण्याचा संभव. तेथे सोनोग्राफी हवी.

मग यकृत काम करते आहे की नाही, हे कोण सांगते? प्रोथ्रॉम्बिन टाइम. रक्त गोठवणारी प्रथिने यकृतच बनवते आणि त्यांतली काही थोड्या तासांतच संपतात. त्यामुळे यकृत थकले की ही तपासणी लगेच बिघडते. अल्ब्युमिनही यकृतच बनवते, पण ते रक्तात आठवडे टिकते, म्हणून नव्या काविळीत त्यावर विसंबता येत नाही. अनेकांच्या रिपोर्टात प्रोथ्रॉम्बिन टाइम नसतोच, डॉक्टरांना विचारा.

त्या मुलाचा आयएनआर, म्हणजे याच तपासणीचा आकडा, २.८ निघाला. तो १ च्या आसपास असावा. त्याच दुपारी त्याला मोठ्या रुग्णालयात हलवले. त्याआधी चार दिवस गळ्यात काविळीची माळ होती. बहुतेक कावीळ आपोआप बरी होते आणि श्रेय माळेला मिळते. माळ घाला, माझे भांडण नाही. पण पेंग, असंबद्ध बोलणे, न थांबणाऱ्या उलट्या, हिरड्यांतून रक्त यांपैकी काही दिसले किंवा रुग्ण गरोदर बाई असली, तर तासही घालवू नका.

तीन आठवड्यांनी तो मुलगा स्वतः चालत आला. बिलिरुबिन अजून ४ होते, डोळेही पिवळे. पण आयएनआर १.१. आमटी खा म्हटले. हळद तर आधीही चालली असती.