काचेवरचा वीजवाहक लेप : थोड्या खर्चात कसा करतात

काचेतून उजेड जातो, वीज जात नाही. तांब्यातून वीज जाते, उजेड जात नाही. हे दोन्ही गुण एकाच पदार्थात असावेत अशी अपेक्षा कोणी सहसा करणार नाही. तरीही वाचकांच्या खिशातील मोबाईलच्या पडद्यात असा पदार्थ असतो, आणि सौरघटांच्या काही प्रकारांचे तर त्याच्यावाचून चालतच नाही. कार्ल बेडेकर या जर्मन शास्त्रज्ञाने १९०७ साली काचेवरील कॅडमियमचा पातळ थर हवेत तापवला, तेव्हा तो पारदर्शक झाला व वीजही वाहू लागला. या विद्येचा आरंभ तेथून धरतात.

यातील मर्म असे. कथिल, जस्त, इंडियम यांची ऑक्साइडे दृश्य प्रकाश शोषत नाहीत. त्यांत परका अणू अगदी थोड्या प्रमाणात मिसळला की मोकळे इलेक्ट्रॉन मिळतात. वीज वाहण्यास ते पुरतात, पण धातूतल्याप्रमाणे उजेड परतवून लावण्याइतके नसतात.

मोबाईलच्या पडद्यावर इंडियम व कथिल यांचे मिश्र ऑक्साइड असते. इंडियम दुर्मिळ, जस्त काढताना जोडीने हाती येते तेवढेच. शिवाय हा लेप बहुधा निर्वात पेटीत चढवावा लागतो. पेटी, पंप, त्यांची देखभाल, हे सारे लहान गावच्या महाविद्यालयाच्या आवाक्याबाहेरचे. म्हणून आपल्या संस्थेच्या शिष्यवृत्तीवर विज्ञान शिकणाऱ्या मुलामुलींसाठी आम्ही येथे कथिलाचा मार्ग थोडा विस्ताराने सांगतो.

कथिलाचे क्लोराइड मद्यार्कात व पाण्यात विरघळवून त्यात थोडे अमोनियम फ्लोराइड घालतात. साधी काच साबणाने, मग शुद्ध पाण्याने व मद्यार्काने स्वच्छ करून ४०० ते ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात आणि दाबलेल्या हवेने त्या द्रावणाचा बारीक फवारा तिच्यावर मारतात. रंगारी मोटारीला रंग फवारतो तसेच हे. तापलेल्या काचेवर क्लोराइडाचे ऑक्साइड होते, आणि काही ऑक्सिजनच्या जागी फ्लोरिन बसून मोकळे इलेक्ट्रॉन देते. थर केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्श्याहूनही पातळ.

सारी कसोटी तापमानाची. काच कमी तापलेली असेल तर क्रिया अपुरी राहून लेप दुधट होतो व वीज नीट वाहत नाही. फाजील तापली तर थेंब पोचण्यापूर्वीच सुकून नुसती भुकटी पडते. फवाऱ्याने काच निवते, म्हणून थांबून थांबून फवारावे लागते. शेवटी ती हळूहळू निवू द्यावी, नाहीतर तडकते. या क्रियेत हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते व फ्लोराइडही विषारीच. तेव्हा धूर ओढून नेणाऱ्या कपाटावाचून, घरच्या स्वयंपाकघरात वा बंद खोलीत, हा प्रयोग कोणीही करू नये. स्वस्ताईच्या हिशेबात हे कपाट धरलेच पाहिजे. पुष्कळजण ते धरत नाहीत.

आमच्या सीमाभागाला जवळच्या कोल्हापुरात, शिवाजी विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात, फवाऱ्याच्या या पद्धतीवर अनेक वर्षे काम झाले आहे. तेथील प्रा. पी. एस. पाटील यांचा १९९९ सालचा आढावा या विषयात बराच आधाराला घेतला जातो.

दुसरा मार्ग बुडवण्याचा. जस्ताच्या ॲसिटेटमध्ये किंचित ॲल्युमिनियमचा क्षार घालून द्रावण करतात. त्यात काच बुडवून संथपणे वर काढायची, वाळवायची, भाजायची, व हे अनेकदा करायचे. साहित्य स्वस्त, पण हा लेप आम्लापुढे टिकत नाही व दमटपणानेही बिघडतो. कथिलाचा लेप चिवट. आमची पसंती त्यालाच. मोठे काचकारखाने तर काच तयार होऊन गरम असतानाच तिच्यावर वायुरूपाने कथिलाचा लेप देतात, म्हणजे तापवण्याचा वेगळा खर्चच उरत नाही.

लेप साधला की नाही हे आधी डोळ्यांनी पाहावे. काच तिरपी धरल्यास साबणाच्या फुग्यासारखे रंग दिसतात. रंगांचे पट्टे फार असतील तर जाडी सारखी नाही. मग रोध मोजावा. चौरस तुकडा लहान असो वा मोठा, समोरासमोरच्या कडांमधील रोध सारखाच भरतो, कारण वाट लांबते तितकीच रुंदही होते. चांगल्या कथिल-लेपाचा हा रोध सुमारे १० ओहम असतो, व दृश्य प्रकाशाचा आठ दशांश भाग आरपार जातो. जाडी वाढवली तर रोध घटतो खरा, पण उजेडही घटतो. नको त्या जागचा लेप काढण्यास तेथे जस्ताची पूड पसरून वर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाकतात. ठेवायचा भाग आधी चिकटपट्टीने झाकून घ्यावा.